माळ्यावरून दालनात

मार्सेल द्युशाँ १९१५ मध्ये पॅरिस सोडून न्यूयॉर्कला गेला. मागे राहिलेला स्टुडिओ आवरायचं काम धाकट्या बहिणीवर, सुझानवर आलं. घर आवरताना कुणीही करील तेच तिनं केलं. स्टुलावर उलटं रोवलेलं सायकलचं चाक आणि बाटल्या उपड्या घालून निथळत ठेवायचा लोखंडी सांगाडा, दोन्ही अडगळ म्हणून टाकून दिलं. जानेवारी १९१६ मध्ये भावाचं पत्र आलं. सांगाडा म्हणजे आयतं शिल्प आहे, त्यावर माझ्या नावानं सही कर, असं त्यात लिहिलं होतं. तोवर सांगाडा भंगारात गेलेला. संग्रहालयांतून आज जे सांगाडे दिसतात ते सगळे नंतर केलेले.

घरातल्या वस्तू घेऊन शिल्प करण्याची जी रीत आज जगभर दिसते, तिचा मूळ पुरुष म्हणून याच द्युशाँचं नाव घेतात. पिकासोचंही घेतात, कारण त्यानं १९१२ मध्ये वेताच्या विणीचा छाप असलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं आणि चौकटीच्या जागी दोर लावला. दोघांचा मान मोठाच. पण द्युशाँनं तो सांगाडा पॅरिसच्या एका मोठ्या दुकानातून आणला होता आणि निवडताना वस्तू आवडती नको, नावडतीही नको, अशी त्याची अट होती. अशा वस्तूला कुणाचा हात लागलेला नाही, तिच्यामागे कुणाची आठवण नाही. मग आजचे शिल्पकार आजीची पेटी, आईचे साबण, झिजलेले पाट का मांडतात? त्याचा उगम द्युशाँपाशी सापडत नाही. त्यासाठी कुळाची दुसरी शाखा धुंडाळावी लागते, आणि त्या शाखेत बायका पुष्कळ आहेत.

मेरेट ओपेनहाइम १९३६ मध्ये पॅरिसच्या काफे द फ्लोरमध्ये पिकासो आणि डोरा मार यांच्याबरोबर बसली होती. तिच्या हातात केसाळ कातड्यानं मढवलेलं कडं होतं. त्यावरून थट्टा सुरू झाली, की असं काय वाटेल ते मढवता येईल. कपबशीसुद्धा, ती म्हणाली. आणि तिनं खरोखरच साध्या दुकानातून कप, बशी, चमचा आणून तिन्ही हरणाच्या लवदार कातड्यात गुंडाळले. नुसतं बघूनही तोंडात केस आल्यासारखं होतं. कप रोज ओठांना लावायची वस्तू आहे म्हणूनच हे अंगावर येतं. सांगाड्यापुढे असं काही होत नाही. लुईझ नेव्हलसननं न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फेकलेलं लाकूड, सामानाचे आणि इमारतींचे तुकडे उचलून, काळ्या रंगात बुडवून भिंतीएवढी शिल्पं रचली. वडील लाकडाच्या धंद्यातले, त्यामुळे लाकडाशी ओळख लहानपणापासूनची. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं 'असेंब्लाज'चं मोठं प्रदर्शन भरवलं आणि या जुळणीच्या कामाला प्रतिष्ठा मिळाली.

मला या वंशावळीत सर्वांत महत्त्वाची वाटते ती बेटी सार. जन्म १९२६, लॉस एंजेलिस. तिची आजी वॉट्स भागात राहायची आणि तिथे सायमन रोडिया नावाचा इटालियन गवंडी एकट्यानं मनोरे उभारत होता. फुटक्या बशा, बाटल्यांच्या काचा, शिंपले, सगळं सिमेंटमध्ये रोवलेलं. १९२१ ते १९५४ एवढा काळ त्याचं काम चाललं. लहानगी बेटी ते येताजाता बघायची. पुढे १९६७ मध्ये तिनं जोसेफ कॉर्नेलच्या पेट्या पाहिल्या, काचेच्या झाकणामागे बारीकसारीक वस्तू मांडलेल्या, आणि तिला आपली वाट सापडली. १९७२ मध्ये तिनं बाजारातली एक बाहुली घेतली. टिपणवही आणि पेन्सिल ठेवायला अमेरिकी स्वयंपाकघरात असायची तसली. काळ्या मोलकरणीचा हसरा, स्थूल पुतळा. पॅनकेकच्या पिठाच्या पुड्यावरची आंट जेमिमा ती हीच. सारनं तिच्या एका हातात झाडू राहू दिला आणि दुसऱ्या हातात बंदूक दिली. हे काम फार गाजलं. मला मात्र १९७५ चं 'रेकॉर्ड फॉर हॅटी' अधिक जवळचं वाटतं. नात्यातली एक आजी गेली, तिच्या मागे राहिलेल्या चीजवस्तू सारनं एका पेटीत मांडल्या. आधीची बाहुली दुसऱ्यांनी केलेल्या अपमानाची होती; ही पेटी घरच्या माणसाची. इथून पुढे कलाकाराला आपल्याच माळ्यावर चढायला परवानगी मिळाली.

माळ्यावरचं सगळंच खाली उतरवलं ते बीजिंगच्या सोंग दोंगनं. त्याचे वडील २००२ मध्ये गेले आणि आई, झाओ श्यांगयुआन, दुःखानं खचली. टंचाईच्या काळात संसार केलेली बाई, काही म्हणून टाकायची नाही. टूथपेस्टच्या रिकाम्या नळ्या, बाटल्यांची बुचं, दोरे, पिशव्या, चपला, तुटकी खेळणी, कापडाच्या चिंध्यांच्या घड्या. नवरा गेल्यावर तर घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. मुलगा टाकून द्या म्हणाला की वाद व्हायचा. तिनं साबणाच्या वड्या साठवल्या होत्या, त्यांतल्या काही मुलाच्या वयाहून जुन्या. कपडे धुवायचा साबण शिधापत्रकावर मिळायचा त्या दिवसांतल्या. आपल्या मुलांना ही ओढाताण नको म्हणून तिनं त्या वाळवून ठेवल्या आणि मुलाच्या लग्नात त्याला दिल्या. त्याच्या घरी तर धुलाईयंत्र होतं. पण वड्या त्यानं जपल्या.

२००५ मध्ये त्यानं आईलाच सांगितलं, हे सगळं आपण मिळून मांडू. दहा हजारांहून जास्त वस्तू, शिवाय तिच्या जुन्या घराचा लाकडी सांगाडा. कुठली वस्तू कुठल्या ढिगात, हे आई ठरवायची. लोक आले की एकेकीची हकीगत सांगायची. ज्या सवयीबद्दल घरात भांडणं व्हायची तिच्यासाठी अनोळखी माणसं रांग लावत होती. वर निऑनच्या अक्षरांत वडिलांसाठी निरोप होता: काळजी करू नका, आई आणि आम्ही बरे आहोत. आईचं दुखणं हलकं करायला उचललेलं काम आहे हे. कलेचे इतिहासकार त्याला संकल्पनात्मक म्हणतात, म्हणोत बापडे.

आपल्याकडे पुण्यात दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, अडकित्ते, दिवे, दौती, भांडी जमवली आणि संग्रहालयाला लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. ते शिल्प नव्हे, संग्रहच. पण वस्तूंवर माया लावून दुःख सोसायची रीत आपल्याला परकी नव्हती एवढं खरं.

भारतात हे शिल्प अवतरलं ते मात्र मुंबईच्या दंगलीतून. रुम्माना हुसेन तोवर चित्रं काढायची. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली, त्या वेळच्या आणि त्यानंतरच्या दंगलीत तिला काही काळ राहतं घर सोडावं लागलं. परतल्यावर कॅनव्हास मागे पडला. तिनं मातीचे माठ फोडले, खापऱ्या जमिनीवर मांडल्या, गेरू आणि नीळ वापरली. अर्धा फुटलेला माठ पालथा पडला की घुमटासारखा दिसतो, हे एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. पुढे १९९५ मध्ये ती मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या आवारात पायात घुंगरू बांधून, हातात अर्धी चिरलेली पपई घेऊन चालली. १९९९ मध्ये कर्करोगानं गेली. तिच्या वाट्याला हयातीत जेवढं नाव आलं ते फार थोडं होतं, असं माझं मत आहे.

मुंबईचेच सुदर्शन शेट्टी यांनी २०१४ मध्ये चिनी मातीची भांडी फोडून त्यांचे गेलेले तुकडे जुन्या सागवानात कोरून बसवले. पांढऱ्या बशीचा काठ अर्धा चिनी मातीचा, अर्धा लाकडाचा. सांधा लपवलेला नाही. अशी बशी वापरता येणार नाही, पण तिच्यावरून नजरही हटत नाही.

राहिले सुबोध गुप्ता, सर्वांत गाजलेले. पाटण्याजवळच्या खगौल या रेल्वेच्या गावात १९६४ मध्ये जन्म, शिक्षण चित्रकलेचं. १९९६ मध्ये त्यांनी '२९ मॉर्निंग्ज' केलं: एकोणतीस लाकडी पाट. जेवायला, पूजेला, आंघोळीला बसायचे ते पाट. पुढल्याच वर्षी मोदीनगरच्या खोज कार्यशाळेत शेणाच्या गोवऱ्यांची गोल खोली रचून तिला 'माय मदर अँड मी' नाव दिलं. आईच्या रोजच्या कष्टांचं इतकं नेमकं घर दुसरं कुणी बांधलं नाही.

मग स्टेनलेस स्टील आलं. द्युशाँनं चाक रोवलं त्याच १९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीनं हे न गंजणारं पोलाद ओतलं होतं. पितळेला कल्हई लागायची, स्टीलला नाही. म्हणून ते आपल्या फडताळात शिरलं, आणि जुने कपडे घेऊन बोहारणीनं ते दारात आणलं. त्यावर नावं घालायची पद्धत तर मराठी वाचकाला सांगायला नकोच. तांब्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं 'सौ. … हिस सप्रेम भेट', खाली तारीख. घासून घासून आडनावातलं एखादं अक्षर पुसट होतं, पण कुणाच्या लग्नातला तांब्या ते कळतंच. गुप्तांच्या २००८ च्या 'लाइन ऑफ कंट्रोल'मध्ये हजारो भांड्यांचा अणुस्फोटाचा ढग आहे, १० मीटर उंच, २६ टन वजनाचा. बघताना माणूस दिपतो. पण ती चकचकीत भांडी कुणाच्याच घरची वाटत नाहीत. पाटांवर कुणीतरी बसलं होतं असं वाटतं, तसं इथे होत नाही. द्युशाँच्या अटीत ती भांडी सहज बसतील.

माझ्या लेखी गुप्तांचं थोर काम ते एकोणतीस पाटच. ढग दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयाकडे आहे. पाट बघायचे असतील तर जपानला जावं लागतं. ते फुकुओकाच्या आशियाई कला संग्रहालयात आहेत.