मेसेन

मेसेन (फ्रेंच नाव मेसीन) : बेल्जियमच्या वेस्ट फ्लँडर्स प्रांतातील एक नगर. ते ईपरच्या दक्षिणेस सुमारे १० किमी.वर, सखल मुलखातून उठलेल्या एका लांबट टेकडीवर वसले आहे. क्षेत्रफळ साडेतीन चौ. किमी.हून थोडे अधिक आणि लोकसंख्या सुमारे १,००० असूनही त्यास शहराचा दर्जा असून, तो लाभलेले बेल्जियममधील हे सर्वांत लहान नगर होय.

हा दर्जा मध्ययुगीन भरभराटीचा वारसा आहे. फ्लँडर्सचा काउंट (सरंजामी अधिपती) पाचवा बाल्डविन याची पत्नी आदेला हिने सु. १०५७ मध्ये येथे बेनेडिक्टाइन पंथाच्या जोगिणींचा मठ स्थापन केला. वैधव्यात ती येथेच राहिली व १०७९ मध्ये मृत्यूनंतर तिचे दफनही येथेच झाले. मठाच्या आश्रयाने भरणारी मेसेनची जत्रा ईपर, ब्रुग, तोरहाउट व लील यांच्या जत्रांच्या पंक्तीत गणली जाई आणि तेथे लोकरी कापडाचा मोठा व्यापार चाले. १७७६ मध्ये हॅब्सबर्ग सम्राज्ञी मारिया तेरेसाच्या राजवटीत मठ बंद होऊन त्या जागी सैनिकांच्या मुलींसाठी संस्था उभी राहिली.

१९६०च्या दशकारंभी बेल्जियममधील डच व फ्रेंच भाषक प्रदेशांची सीमा कायद्याने आखली गेली, तेव्हा मेसेन डच-भाषक प्रदेशात राहिले. मात्र फ्रेंच भाषकांना प्रशासनाशी आपल्या भाषेत व्यवहार करण्याची मुभा, म्हणजेच ‘भाषिक सवलती’, येथे मिळाल्या. १९७७च्या विलीनीकरणात बेल्जियममधील सुमारे २,३५० नगरपालिकांच्या सहाशेहून कमी झाल्या, तरी मेसेनची नगरपालिका स्वतंत्र राहिली, ती प्रामुख्याने या सवलतींमुळेच.

पहिल्या महायुद्धात या टेकडीचे मोल फार होते, कारण तिच्यावरून ईपरभोवतीच्या ब्रिटिश फळीवर नजर ठेवता येई. ऑक्टोबर १९१४ मधील लढाईत भारतीय सैन्याची ५७वी वाइल्ड्स रायफल्स ही पलटण या भागात लढली. तरीही टेकडी जर्मनांच्या हाती गेली. ती परत घेण्यासाठी ब्रिटिशांनी निळसर चिकणमातीच्या खोल थरातून शत्रूच्या खंदकांखाली भुयारे खणून त्यांत स्फोटके ठासली. ७ जून १९१७ रोजी पहाटे ३.१० वाजता १९ सुरुंग जवळजवळ एकाच वेळी उडवण्यात आले आणि पाठोपाठच्या चढाईत न्यूझीलंडच्या डिव्हिजनने मेसेन जिंकले. तोवर गावाचे केवळ अवशेष उरले होते. आजची वस्ती आणि संत निकोलासचे चर्च युद्धानंतर पुन्हा उभारलेले आहेत. चर्चखालील अकराव्या शतकातील तळघर हा मात्र जुन्या वास्तूचा अस्सल अवशेष असून नगरातील सर्वांत मोलाचा ऐतिहासिक ठेवा आहे.

त्याच चढाईत आयर्लंडच्या प्रामुख्याने कॅथलिक असलेल्या १६व्या आणि प्रामुख्याने प्रॉटेस्टंट असलेल्या ३६व्या डिव्हिजन शेजारी-शेजारी लढल्या. दोन्ही समाजांच्या मृतांच्या एकत्र स्मरणासाठी नगराच्या सीमेवर आयर्लंड बेट शांतता उद्यान निर्माण करण्यात आले. त्यातील गोल दगडी मनोरा सुमारे ३४ मी. उंच आहे. ११ नोव्हेंबर १९९८ रोजी आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस, ब्रिटनची राणी दुसरी एलिझाबेथ आणि बेल्जियमचा राजा दुसरा आल्बर्ट यांच्या उपस्थितीत उद्यानाचे उद्घाटन झाले. न्यूझीलंडमधील फेदरस्टन हे मेसेनचे भगिनी-नगर आहे.