क्रायसोटाइलची रचना : साखळीपासून नळीपर्यंत

क्रायसोटाइल हे खनिज तंतुमय असल्याने त्याच्या अंतरंगातही सिलिकेटच्या लांब साखळ्याच असाव्यात, असे वॉरेन व ब्रॅग यांनी १९३० साली प्रतिपादिले. अनुमान स्वाभाविक होते. पण ते टिकले नाही. १९४१ मध्ये वॉरेन व हेरिंग यांनी साखळ्यांच्या जागी थर मानले. मग थरांपासून तंतू कसे निपजावेत? याच्या उत्तराचे बीज पॉलिंग यांच्या १९३० च्याच एका लेखात होते. थराची दोन अंगे भिन्न असल्यास तो वाकू पाहील, असे त्यांनी सुचविले होते. क्रायसोटाइलच्या थरात एका अंगास सिलिकेचे जाळे व दुसऱ्या अंगास मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पापुद्रा असतो. एकाच दिशेने मोजल्यास पहिल्याचे आवर्तन सुमारे ९.१ अँगस्ट्रॉम भरते, तर दुसऱ्याचे सुमारे ९.४. सामाईक ऑक्सिजन अणूंनी दोन्ही परस्परांस जखडलेली असतात. म्हणून मोठा पापुद्रा बाहेरच्या बाजूस राहून थर गुंडाळला जातो. १९५० साली बेट्स, सँड व मिंक यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पोकळ नळ्या दिसल्या. १९५६ मध्ये व्हिटेकर यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या दंडगोल रचनेचा तपशील मांडला. अँटिगोराइट या सजातीय खनिजात मात्र हाच विसंवाद नळीने नव्हे, लाटेने मिटतो : तेथे थर ठरावीक अंतरावर आपली बाजू पालटतो.