रॉकीभाईच्या अलीकडचं केजीएफ

बंगळूरला नोकरीला आल्यापासून 'केजीएफ' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे यशची दाढीच यायची. आमच्या ऑफिसच्या गेटवरचे सिक्युरिटीवाले अण्णा रोज तिथूनच येतात, हे कळायला मात्र दोन वर्षं लागली. मारिकुप्पमहून पहाटेची ट्रेन, रात्री परत. एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेलो.

तिथे आधी दिसतात ते डोंगर. फिकट राखाडी, वरून सपाट, झाडझाडोरा नावालाच. खरं तर ते डोंगर नाहीतच. दगड दळायचा, त्यातलं सोनं सायनाईडच्या द्रावणात विरघळवून काढायचं आणि उरलेला गाळ बाहेर टाकायचा. असा तीन कोटी टनांहून जास्त गाळ इथे साचलाय. सिनेमातली नराची खोटी, पण शूटिंग याच ढिगांवर झालं. वारा सुटला की ही धूळ घराघरांत शिरते. अण्णांच्या आई तेव्हा पाण्याच्या हंड्यावर ओलं फडकं टाकतात.

बंगळूरच्या ज्या लव्हेल रोडवर आपण वीकेंडला बसतो, तो मायकेल लव्हेल हा निवृत्त सैनिक. १८७५ साली त्याला इथे खाणकामाचा परवाना मिळाला. पैसा संपला आणि १८८० मध्ये लंडनची जॉन टेलर अँड सन्स कंपनी आली. तिकडे कॉर्नवॉलमधल्या तांब्या-कथलाच्या खाणी बसत चालल्या होत्या, त्यामुळे तिथले अनुभवी खाणवाले इथे आले. साहेबांना बंगले, क्लब, गोल्फ. जमिनीखाली उतरले ते मुख्यतः तामिळ मुलखातले दलित मजूर. त्यांना रांगेतली एकेक खोली.

माझ्यातल्या इंजिनिअरला सगळ्यात भारी वाटली ती विजेची गोष्ट. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज तब्बल १४७ किलोमीटर लांब आणली, ती या खाणींसाठी. बंगळूर शहरात दिवे लागले १९०५ साली! आपली 'आयटी सिटी' तीन वर्षं या गावाच्या मागे होती. पुढे चॅम्पियन रीफ तीन किलोमीटरच्याही खाली गेली. इतका दगड डोक्यावर असला की बाकीचे वैश्विक किरण वरच अडतात, म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ इथे उतरले आणि १९६५ मध्ये वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो त्यांनी इथे पकडले.

अण्णांचे वडील चॅम्पियन रीफमध्येच होते. एवढ्या खोलवर दाबाखालचा दगड अचानक फुटतो. त्याला 'रॉक बर्स्ट' म्हणतात. वर गावातही जमीन हादरते. मांडणीवरची भांडी खणखणली की बायका हातातलं काम टाकून शाफ्टकडे पळायच्या, असं अण्णा सांगत होते. आई गप्प होत्या. त्यांना हिंदी येत नाही, पण 'शाफ्ट' शब्द कळला असावा.

२८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली. पंप थांबले, बोगद्यांत पाणी भरलं. पाचच वर्षांनी, २००६ मध्ये, कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हनच्या जुन्या खाणप्रदेशाला युनेस्कोने जागतिक वारसा जाहीर केलं. तिथली पडकी इंजिनघरं लोक तिकीट काढून बघतात. इथे मी शाफ्टच्या लोखंडी मनोऱ्याचा फोटो काढत होतो, तर रखवालदाराने हाकलून दिलं. चिडायचं तरी कुणावर? तोही खाणीवाल्याचाच मुलगा निघाला, अण्णांच्या ओळखीचा. मला राग आला तो स्वतःचाच. इथला दरवाजा तो राखतो, आमचा अण्णा राखतात, आणि मी रोज कार्ड दाखवून पुढे जातो.

निघताना आई तामिळमध्ये काहीतरी बोलल्या. अण्णा हसले.

"तुम्ही तो पिक्चर पाहिलाय ना, विचारतेय. त्यात आमची लाइन दिसते का?"

"नाही दिसत," मी म्हणालो.