बंदुकीचा कुंदा आणि खानदेशचे लाकूड

खानदेशातील शिकारीचा जो इतिहास आपल्यापुढे आहे तो बहुतांशी साहेबांच्या आठवणींतून आणि सरकारी दप्तरांतून उचललेला असल्यामुळे त्यात मारलेल्या वाघांची गणती सापडते, मचाणांची वर्णने सापडतात, नळीवर कोरलेले विलायती कारखान्याचे नावही सापडते. परंतु ती नळी ज्याच्या आधाराने खांद्याला टेकत असे त्या लाकडी कुंद्याविषयी क्वचितच एखादे वाक्य आढळते. वस्तुतः नळी पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि फुटतो तो कुंदा. नवा कुंदा निवडण्याची वेळ आली म्हणजे बंदूक कोठलीही असो, तिला या मुलखाचे हवापाणी, येथे मिळणारे लाकूड आणि ती धरणाऱ्या माणसाच्या हाताची लांबी यांच्याशी जुळवून घ्यावेच लागते. हा जुळवणीचा व्यवहार, माझ्या मते, शिकारकथांहून अधिक मोलाचा आहे.

इंग्रजी अंमलापूर्वी फौजेत आणि गावोगावच्या शिबंदीत जी तोड्याची बंदूक असे तिचा कुंदा बारीक, जवळजवळ सरळ आणि पुष्कळदा पंचकोनी छेदाचा असे. नळी त्याला चामड्याच्या वाद्यांनी किंवा तारेच्या वेढ्यांनी जखडलेली असल्यामुळे वाद्या सोडून, नवे लाकूड तासून, त्यात नळीपुरती पन्हळ कोरली की काम बव्हंशी भागे. विलायती बंदुकीने हा सरळपणा संपवला. तिचा कुंदा मागे खाली वाकलेला, मुठीपाशी निमुळता, आणि घोडा, चाप, कमानी ही सर्व यंत्ररचना लाकडाच्या पोटात बसवलेली. त्यामुळे सुताराला आता लोखंडाच्या प्रत्येक कंगोऱ्याबरहुकूम लाकूड कोरावे लागे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडून खानदेश कंपनी सरकारकडे गेला तेव्हा सातपुड्यापासून सातमाळ्यापर्यंतची झाडी वाघांनी भरलेली होती. १८१९ च्या एप्रिलात मद्रासी फौजेतील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्तानेच अजिंठ्याच्या डोंगरात गेला आणि वाघुर नदीच्या वळणावरील लेणी त्याच्या दृष्टीस पडली. १८२५ मध्ये धरणगावी भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम तेव्हा अवघा बावीस वर्षांचा होता. भिल्लांचा विश्वास त्याने संपादन केला तो मुख्यतः त्यांच्याबरोबर शिकारीस हिंडून, आणि पुढील दहा वर्षांत त्याच्या देखत दीडशेहून अधिक वाघ पडले. ही कत्तल होती, हे आज स्पष्टपणे म्हटले पाहिजे. माग काढणारे आणि हाका घालणारे भिल्ल जिवावर उदार होत, आणि कीर्ती मात्र बंदूकवाल्याची होई.

शिकारीचा मुख्य हंगाम उन्हाळा, कारण नाले आटले म्हणजे जनावर उरलेल्या पाणवठ्याशी येते. परंतु ज्या प्रदेशात वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे चढतो आणि मृगाच्या पहिल्या सरींनंतर हवा एकाएकी ओलसर होते, तेथे कच्चे लाकूड उन्हात आकसून पेच ढिले करते व पावसात फुगून नळीला एका अंगाने रेटू लागते, आणि नेम कोणाच्याही ध्यानात न येता ढळतो. म्हणून जाणता कारागीर प्रथम लाकडाचे वय विचारी. सावलीत वाळणाऱ्या फळीला दर इंच जाडीस साधारण एक वर्ष लागते, आणि कुंद्याची फळी तर दोन-अडीच इंच जाडीची असते.

त्यानंतर प्रश्न जातीचा. खानदेशच्या रानात लाकडाची वाण नाही, पण कुंद्याच्या कामी प्रत्येकात काही ना काही उणे निघते. सागवान हवेने फारसे हलत नाही व त्यास वाळवीही सहसा लागत नाही, परंतु आघात झाला की ते रेषेत उभे चिरते. यावलच्या रानातील अंजन इतके कठीण व जड की हत्यारांची धार बोथट होते आणि तयार कुंदा खांद्यावर घेऊन डोंगर चढणे ही शिक्षाच ठरावी. शिसव देखणे, चिवट आणि भरवशाचे. वजनाला जरा अधिक, पण ते वजन धक्का सोसण्यास उपकारकच होते. स्थानिक लाकडांत मी कौल देईन तो शिसवालाच. तथापि हलकेपणा, चिवटपणा, पेच धरून ठेवण्याची शक्ती आणि ऋतुमानाने न हलण्याचा गुण हे सर्व एकत्र सापडतात ते हिमालयातील अक्रोडात.

जात ठरली तरी फळी ठरत नाही. कुंदा बहुधा मुठीपाशी मोडतो, कारण तेथे लाकूड सर्वांत बारीक आणि हिसका सर्वांत मोठा. म्हणून लाकडाच्या रेषा मुठीतून आडव्या न तुटता तिच्या वळणाबरोबर सलग गेल्या पाहिजेत. नक्षीदार रेषांची हौस मागच्या रुंद भागात पुरवावी, मुठीत कदापि नाही. खोडाचा गाभा आणि सालीलगतचे फिके लाकूड दोन्ही टाकावे. पहिले तडकते, दुसऱ्यास भुंगा लागतो. रायफलीच्या पोटाखालचा लोखंडी दात ज्या खोबणीत धक्का देतो तेथील लाकूड टणक आणि खोबण तंतोतंत हवी. तेथे केसभर फट राहिली तरी काही बारांनंतर ते चिरडते.

मापाचाही विचार आहेच. कोपर काटकोनात वाकवून कुंद्याची तळी दंडाच्या लवणीत टेकवली असता तर्जनीचे पेर चापावर सहज पोहोचावे, ही ढोबळ परीक्षा. विलायती कुंदा जाड लोकरी कोटाच्या हिशेबाने बेतलेला. येथे उन्हाळ्यात अंगात पातळ सदरा, पण हात बहुधा आखूड, म्हणून तळी किती तासावी हे प्रत्यक्ष माणूस उभा करूनच ठरवावे लागे. शेवटी जवसाचे तेल तळहाताने चोळून, एक थर सुकल्यावर दुसरा, असे ते लाकडात जिरवीत.

१८७८ च्या शस्त्रकायद्याने परवाना नसलेल्या हातांतील बंदुका गेल्या आणि युरोपीयांना मात्र सूट मिळाली. १९५९ च्या कायद्यानुसार बंदूक दुरुस्त करण्यासही परवाना लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला, ते उत्तम झाले. परंतु त्याबरोबर कुंदा पारखणाऱ्या हातांची विद्याही नाहीशी होत आहे. धुळे-जळगाव भागात ज्या घरांत परवान्याची जुनी बंदूक असेल, त्यांनी ती सरकारजमा करण्यापूर्वी कुंदा कोणत्या लाकडाचा, तो कधी बदलला व कोणाकडून बदलून घेतला, एवढी टिपणे करून धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेकडे द्यावीत, अशी माझी विनंती आहे.