सभेनंतरचा सोमवार

संजीवन सभा आणि उपवास-प्रार्थनांचा जोर वाढल्यापासून आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत आत्मिक स्वातंत्र्याविषयी एक मत इतके रुळले आहे, की ते तपासून पाहायचे असते हेही कोणाला सुचत नाही. ते मत असे: पापाच्या, व्यसनाच्या, भयाच्या बंधनातून माणूस एका क्षणी सुटतो. डोक्यावर हात ठेवले जातात, रडू येते, साक्ष दिली जाते, झाले. महिन्याभराने तोच राग, तीच बाटली, तीच धास्ती परत आली तर एक तर सुटका खरी नव्हती, नाही तर विश्वास कमी पडला. उपाय पुढची सभा. शिवाय ठरल्या वेळची प्रार्थना, उपवासकाळातले नेम, कोणापुढे पाप कबूल करणे, हे सगळे नियमशास्त्र. कृपेत आलेल्याला त्याचे काय काम?

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. दिवस, महिने, ऋतू आणि वर्षे पाळू लागल्याबद्दल पौलाने गलतीकरांना खरोखरच झापले आहे. एर्फुर्टच्या मठात ल्यूथरने उपास केले, जागरणे केली, पापनिवेदन करून करून गुरूंना दमवले आणि शांती मिळाली नाही. देवापुढचे नीतिमत्त्व हे दान आहे, कमाई नव्हे, हे उमगले तेव्हा ती मिळाली. आणि एका रात्रीत दारू सुटलेला माणूस ज्याने डोळ्यांनी पाहिला आहे, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तशा रात्री असतात. माझा वाद त्या रात्रीशी नाही, तिच्यानंतर काय करावे याविषयी जे सांगितले जाते त्याच्याशी आहे.

आधी गलतीकरांचेच पत्र घेऊ, कारण या मताचा सारा भार त्यावर आहे. पाचव्या अध्यायाच्या आरंभी ख्रिस्ताने आपल्याला स्वातंत्र्यासाठीच मोकळे केले असे पौल म्हणतो आणि लगेच आज्ञा देतो: म्हणून टिकून राहा, पुन्हा जुवाखाली जाऊ नका. स्वातंत्र्य आपोआप टिकत असते तर ही आज्ञा कशाला? त्याहून महत्त्वाचे तिसऱ्या अध्यायात आहे. या लोकांना आत्मा मिळाला होता, त्यांच्यामध्ये अद्भुत कृत्ये घडत होती. पौल त्याचीच त्यांना आठवण देतो. म्हणजे गलतीकरांकडे अनुभवाची वाण नव्हती, आणि तरी ते घसरत होते. अशांना पौलाने नव्या अनुभवाकडे धाडलेले नाही. त्याने प्रीतीने एकमेकांची सेवा करा, एकमेकांची ओझी वाहा, चुकलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा असे सांगितले. ही कामे एकट्याने होत नाहीत आणि एका रात्रीतही होत नाहीत.

दुसरा आवडता दाखला संत ऑगस्टीनचा. इ. स. 386, मिलानमधली बाग, शेजारून येणारा मुलाचा आवाज, उघडलेले पौलाचे पत्र आणि बदललेला माणूस. प्रवचनांत हे हमखास येते. ते ‘कन्फेशन्स’च्या आठव्या पुस्तकात आहे. पण ग्रंथ तिथे संपत नाही. दहाव्या पुस्तकात ऑगस्टीन आपली लिहितेवेळची स्थिती सांगतो. बागेला दहा-बारा वर्षे होऊन गेली आहेत आणि तो आता बिशप आहे. तो लिहितो की जुनी चित्रे स्वप्नात अजून येतात. जेवताना गरज कुठे संपते आणि चव कुठे सुरू होते ते कळत नाही. स्तोत्रे ऐकताना शब्दांपेक्षा सुरातच मन रमते. माश्या पकडणारी पाल दिसली तरी चित्त तिकडे धावते. आणि लोकांनी केलेली स्तुती गोड लागते, हे त्याला सर्वांत जड जाते. आजच्या एखाद्या सभेत तो हे बोलला असता तर त्याला पुन्हा पुढे बोलावून त्याच्यासाठी प्रार्थना झाली असती! त्याने मात्र बागेतला क्षण खोटा ठरवला नाही, की विश्वासाची मापे काढली नाहीत. त्या क्षणी जे मिळाले त्याच्या बळावरच तो ही रोजची झडती घेऊ शकत होता.

जॉन वेस्लीचेही तेच. 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनमधल्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवर त्याचे हृदय विलक्षण उबदार झाले, हे मेथॉडिस्ट घरात वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. 4 जानेवारी 1739 ची त्याची रोजनिशी सहसा कोणी वाचून दाखवत नाही. तीत त्याने मी आज ख्रिस्ती नाही असे स्वतःविषयी लिहून ठेवले आहे. मध्ये साडेसात महिनेही गेले नव्हते. त्याने लोकांसाठी पुढे जे उभारले ते काहीसे अपघाताने सापडले. 1742 मध्ये ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहावरचे कर्ज फेडायचे होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे एकाने सुचवले. गरिबांना जमणार नाही, या हरकतीवर तोच म्हणाला की अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांचे कमी पडेल ते मी भरीन. असे बारा-बारांचे गट पडले. वसुलीसाठी दारोदार जाणाऱ्यांना कुठे भांडण दिसले, कुठे दारू दिसली, आणि आपल्याकडे नेमके काय नव्हते ते वेस्लीच्या ध्यानात आले. आठवड्यातून एकदा बारा माणसांनी एकमेकांना ‘कसे चालले आहे?’ असे विचारायचे आणि खरे उत्तर द्यायचे, यावर मेथॉडिझम उभा राहिला. ऑल्डर्सगेटचा उत्सव करणारे ही पेनी विसरतात.

नेम म्हणजे नियमशास्त्रच, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप ल्यूथरच्या नावाने घेतला जातो, म्हणून उत्तरही ल्यूथरकडूनच घ्यावे. ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावरची 1520 ची त्याची प्रसिद्ध पुस्तिका दोन भागांची आहे, आणि दुसऱ्या भागाच्या तोंडाशीच प्रश्न आहे की विश्वास पुरेसा असेल तर मग आता स्वस्थ बसायचे का? मुळीच नाही, असे तो सांगतो. देह अजून आपल्याबरोबर आहे, त्याला उपवास, जागरण, श्रम यांनी वळण लावावेच लागते, फक्त त्यामुळे आपण नीतिमान ठरतो असे मानू नये. 1535 मध्ये पेटर नावाच्या आपल्या न्हाव्यासाठी त्याने रोजची प्रार्थना कशी करावी यावर एक छोटे पुस्तक लिहिले. (त्याच वर्षी या पेटरने जेवणाच्या पंगतीत जावयाला भोसकून मारले, आणि ल्यूथर वगैरेंच्या रदबदलीने त्याची शिक्षा हद्दपारीवर निभावली. नेमाचा ताईत होत नाही.)

मग नेम आणि जू यांत फरक कसा करायचा? मला एकच कसोटी उपयोगी वाटते: नेम चुकला की काय होते? चुकल्याबरोबर देवाने पाठ फिरवली अशी भीती दाटली, तर तो नेम जू झाला आहे, मग तो चर्चने लादलेला असो की आपणच घेतलेला. दुसऱ्या दिवशी निमूटपणे पुन्हा बसता आले, तर तो स्वातंत्र्याचा भाग आहे. गंमत अशी, की या कसोटीवर नापास होते ती सभांवर सभा करणारी रीत. प्रत्येक पडझडीनंतर आपली सुटका खरी होती का, याचा पहिल्यापासून हिशेब मांडायला लावणारा माणूस आपल्याला कृपेत ठेवत नसतो.

आपल्याजवळचे उदाहरण केडगावचे. पंडिता रमाबाईंइतका सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी भांडलेला ख्रिस्ती माणूस महाराष्ट्रात क्वचितच झाला असेल. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावरही श्रद्धेच्या बाबतीत दुसऱ्याचा हुकूम त्यांनी मानला नाही. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. अशा बाईने उभारलेल्या मुक्तिसदनात 1905 च्या जूनअखेर जे आत्मिक जागरण झाले, त्याच्या कथा आजही सभांतून सांगितल्या जातात. पण त्या वर्षीच्या जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेला जमण्यासाठी मुलींना हाक दिली होती, सुमारे 70 जणी पुढे आल्या होत्या आणि संख्या वाढत वाढत शेकड्यांवर गेली होती, हा भाग गाळला जातो. जूनची ज्वाला दिसते, आधीचे पाच-सहा महिने दिसत नाहीत. आणि नंतर? माग, शेती, छापखाना चालूच राहिले. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि पुढची वर्षे बायबलच्या मराठी अनुवादाला बसल्या, ते थेट 1922 मध्ये आयुष्य संपेपर्यंत. जागरणानंतर पुढचे जागरण शोधत त्या हिंडल्या नाहीत.

अशुद्ध आत्मा निघून गेल्यावर घर झाडलेले पण रिकामे राहते आणि तो आणखी सात घेऊन परततो, हा येशूचा दाखला सुटकेच्या सभांत भीती घालण्यासाठी वापरतात. त्यातला धोका घर पुरेसे झाडले नाही हा नाही. आत कोणी राहायला आले नाही हा आहे. 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसला हे नीट कळले होते. ती चळवळ ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती मंडळातूनच निघाली. वर्षानुवर्षे दारूला न शिवलेला माणूसही तिथल्या बैठकीला येतो, मी दारुडा आहे म्हणून उभा राहतो, आणि तुझा विश्वास कमी पडला असे त्याला कोणी म्हणत नाही.

म्हणून पाळकांना एक विनंती. सभेत या आठवड्यात सुटलेल्यांच्या साक्षी जरूर घ्या. पण त्याच व्यासपीठावर वीस वर्षांपूर्वी सुटलेल्यालाही बोलवा, मधल्या काळात तो किती वेळा पडला आणि कोणी उठवले ते त्याला सांगू द्या. आणि सभेला आलेल्यांची नावे-पत्ते लिहून घेता तेव्हा पुढच्या सभेचे आमंत्रण पाठवण्याआधी, येत्या सोमवारी त्यांच्या घरी कोण जाणार ते ठरवा.