पेल्यातला फेस आणि १८०३ सालचा नियम

१/ घरी पिंपातून बिअर काढणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची: निम्मा पेला फेसानेच भरतो. पहिला उपाय म्हणून बहुतेक जण वायूचा दाब उतरवतात आणि फेस आणखी वाढतो. असे का होते, हे समजण्यासाठी अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये जावे लागते. 🧵

२/ १७६७ साली जोसेफ प्रीस्टली लीड्स येथे राहावयास आला. शेजारीच बिअरचा कारखाना होता. आंबणाऱ्या बिअरच्या हौदांवर साचणारा वायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, त्याने पाण्यात मुरवून पाहिला आणि १७७२ साली त्याची कृती प्रसिद्ध केली. सोडावॉटरचे मूळ ते हेच.

३/ वायू द्रवात किती मुरतो, याचा नियम मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने १८०३ साली मांडला. तापमान स्थिर असेल, तर विरघळणारा वायू त्यावरील दाबाच्या प्रमाणात असतो. द्रव तापला, की तेवढाच वायू धरून ठेवण्यास अधिक दाब लागतो.

४/ तक्रारीचे मूळ येथे आहे. साधारण ३ अंश सेल्सिअसला जी बिअर १२ पीएसआय दाबावर शांत राहते, तिला १० अंशांना सुमारे २० पीएसआय लागतात. दाब उतरवला, तर मुरलेला वायू नळीतच सुटू लागतो आणि पेल्यात फेस होऊन उतरतो.

५/ गिनेसची अडचण निराळी होती. पूर्वी ताजी, उसळती बिअर एका पिंपातून आणि जुनी, निवलेली दुसऱ्यातून घेऊन पेला भरावा लागे. सारी भिस्त वाढणाऱ्याच्या हातावर. १९५९ साली मायकल ॲश या गणितज्ञाने नायट्रोजनचा मार्ग काढला. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या मानाने फारच कमी विरघळतो. त्यामुळे दाब मिळतो, बिअर मात्र अति फसफसत नाही. तो दाट, मऊ फेस त्याचाच.

६/ म्हणून घरी तपासणीचा क्रम असा ठेवावा: आधी बिअरचे व नळीचे तापमान, मग त्यास अनुरूप दाब, नंतर नळीची लांबी व स्वच्छता. नळ पूर्ण उघडावा. अर्धवट उघड्या नळातून फेसच येतो.

७/ कारागिराच्या हातातले कसब नियमात बांधले गेले, की ते कोणाच्याही घरी पोहोचते. विज्ञानाच्या इतिहासाचे हे रूप प्रयोगशाळेपेक्षा अशा साध्या पेल्यात अधिक स्पष्ट दिसते.