‘मॉरल टर्पिट्यूड’ : कुरूप कशास म्हणावे?

इंग्रजीतील ‘टर्पिट्यूड’ हा शब्द लॅटिनमधील ‘टर्पिस’, म्हणजे कुरूप, ओंगळ, या विशेषणावरून आला. दिसण्यातली कुरूपता पुढे वागण्यातली झाली आणि नीचपणा, दुराचार हा अर्थ रूढ झाला. बोलण्यात आज तो क्वचितच येतो. कायद्यात मात्र ‘मॉरल टर्पिट्यूड’ या जोडीने ठाण मांडून आहे. मराठीत त्यास ‘नैतिक अधःपतन’ म्हणतात आणि कन्नडमध्येही तेच म्हणतात. १९५६ पासून भाषेच्या प्रश्नावर धुमसणाऱ्या या भूमीत एवढा एक शब्द तरी उभयपक्षी सामाईक आहे!

या शब्दाची व्याख्या भारतीय दंड संहितेत नव्हती, आजच्या न्याय संहितेतही नाही. तरीही त्यावर पोटापाण्याचे प्रश्न ठरतात. वकील अधिनियम, १९६१ च्या कलम २४अ नुसार अशा गुन्ह्यात शिक्षा झालेल्यास सनद मिळत नाही. सुटकेनंतर दोन वर्षांनी ही अपात्रता संपते.

शिक्षा झाली म्हणजे माणूस नीच ठरला काय? १९२२ मध्ये गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी लंडनच्या इनर टेंपलने त्यांचे नाव बॅरिस्टरांच्या यादीतून काढले. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९२४ मध्ये, ते आमच्या बेळगावात काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून व्यासपीठावर बसले. इनर टेंपलने नाव पुन्हा घेतले ते १९८८ साली. शिक्षा आणि अधःपतन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बेळगावकरांना कोणी शिकवावे लागले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, पवनकुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात, तेच कायद्याच्या भाषेत सांगितले. कृत्य मुळातच नीच, हीन वा विकृत असेल तर ते अधःपतन. कलम २९४ खालील वीस रुपयांच्या दंडाने ते आपोआप सिद्ध होत नाही.

हे सारे आज लिहिण्याचे कारण असे. १ नोव्हेंबरचा काळा दिन झाला, की बेळगाव-निपाणीकडची मुले नोकरीचा अर्ज घेऊन आमच्याकडे येतात. ‘वकीलसाहेब, घोषणा दिल्याची केस आहे. आता हा रकाना कसा भरायचा?’ आम्ही सांगतो : बाळांनो, खटला प्रलंबित असणे म्हणजे शिक्षा नव्हे. परंतु विचारले असेल ते लपवू नका. माहिती दडवणे हेच पुष्कळदा गुन्ह्याहून महागात पडते. २०१६ च्या अवतारसिंग निकालात क्षुल्लक गुन्ह्याचे उदाहरण म्हणून न्यायालयाने तरुण वयात दिलेल्या घोषणांचाच उल्लेख केला आहे. ही सवलत दगडफेकीला वा जाळपोळीला मिळेल, असे मात्र कोणी समजू नये.

मायबोलीसाठी उंचावलेल्या आवाजात कुरूप असे काही नाही. तो रकाना खरे लिहून, ताठ मानेने भरावा.